ज्यूंच्या आठवणी आणि आपला हिशेब

काही महिन्यांपूर्वी आम्ही आठ-दहा जण एका मित्राच्या घरी जमलो होतो. महिन्यातून एकदा जमायचे, एखाद्या पुस्तकावर किंवा चित्रपटावर बोलायचे, असा आमचा जुना शिरस्ता आहे. त्या दिवशी आम्ही आरी फोलमन या इस्रायली दिग्दर्शकाचा 'वॉल्ट्झ विथ बशीर' हा २००८ सालचा चित्रपट पाहिला. तो संपल्यावर बराच वेळ कोणी बोलले नाही. मग मंडळीतला सर्वांत लहान मुलगा, इंजिनिअरिंगला शिकणारा, म्हणाला, "चाचा, गाझात आपल्या डोळ्यांदेखत एवढं झालं, आणि आपण इथं बसून ज्यूंच्या आठवणी बघायच्या? त्यांच्या आजोबांवर काय गुजरली ते आपण का ऐकायचं?"

प्रश्न उद्धट नव्हता. तो पुष्कळांच्या मनात असतो, हा मुलगा मोकळेपणाने बोलला इतकेच. ७ ऑक्टोबर २०२३ रोजी हमासच्या हल्ल्यात इस्रायलमध्ये सुमारे १,२०० माणसे मारली गेली, अडीचशेच्या आसपास ओलीस नेली गेली. त्यानंतर गाझावर जे युद्ध कोसळले त्यात, तिथल्या आरोग्य खात्याच्या नोंदीप्रमाणे, २०२५ संपेपर्यंत ६०,००० हून अधिक माणसे गेली. त्यांत मुले किती, बायका किती, हे आता नव्याने सांगायला नको. अशा काळात ऑश्विट्झचे नाव निघाले की आपल्यातल्या अनेकांना वाटते, त्या दुःखाची आता ढाल केली गेली आहे, मग त्याला आपण कान कशाला द्यावा? काही जण याच्याही पुढे जातात आणि म्हणतात, ते सगळे वाढवून सांगितलेले आहे. या दुसऱ्या म्हणण्याचा निकाल आम्ही इथेच लावतो. नाझी राजवटीने सुमारे साठ लाख ज्यूंची केलेली कत्तल ही कागदपत्रांनी, न्यायालयांतल्या जबान्यांनी आणि खुद्द मारणाऱ्यांच्या नोंदींनी सिद्ध झालेली गोष्ट आहे. घडलेले घडले नाही म्हणणे ही खोटी साक्ष होते, आणि खोट्या साक्षीला आपल्या दीनमध्ये काय स्थान आहे ते प्रत्येक वाचकाला ठाऊक आहे.

पहिल्या म्हणण्याला मात्र उत्तर द्यायला हवे. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत एक प्रसंग येतो. एक जनाजा जात होता, तेव्हा पैगंबर (स.) उठून उभे राहिले. कोणीतरी सांगितले, हा तर एका ज्यूचा जनाजा आहे. त्यावर त्यांनी उलट विचारले, की तो जीव नव्हता काय? सर्वधर्मसमभावाच्या व्यासपीठावर आपण ही हदीस फार ऐकवतो आणि टाळ्या घेऊन खाली उतरतो. तिचा कठीण भाग आपण बघत नाही. मदिनेतल्या ज्यू टोळ्यांशी त्या काळचे संबंध काही सरळ नव्हते. करार होते, तंटे होते, लढायाही झाल्या. तरी समोरून मय्यत जाताना मागचे हिशेब काढले गेले नाहीत. आणि त्या उभे राहण्याचा अर्थ मृताच्या कौमेने पुढे जे जे केले त्याला मान्यता दिली, असाही कोणी लावला नाही.

म्हणजे ऐकायला हवे, इतपत उत्तर मिळते. पण खरा पेच त्यापुढे आहे. ज्याच्या घरात असे दुःख घडले, त्याच्या मुलानातवंडांना त्या दुःखातून काय मिळते? दुसऱ्याशी कसेही वागण्याची सवलत, की दुसऱ्याच्या बाबतीत अधिक जपून वागण्याची जबाबदारी? हा प्रश्न ज्यूंना विचारणे आपल्याला सोपे वाटते. तोच आपल्या घरात आणून ठेवला की जीभ जड होते. त्या संध्याकाळनंतर आम्ही या विषयावरचे आणखी काही चित्रपट मिळवून पाहिले, आणि ज्यूंमधल्याच काही जणांनी हा प्रश्न स्वतःच्या घराला कसा विचारला आहे, ते लिहावेसे वाटले.

हे चित्रपट ॲनिमेशन माहितीपट या प्रकारातले आहेत. आपल्याकडे ॲनिमेशन म्हटले की मुलांचे कार्टून डोळ्यांसमोर येते, आणि माहितीपट म्हटले की कॅमेऱ्याने टिपलेला पुरावा. चित्र हाताने काढायचे आणि त्याला माहितीपट म्हणायचे, हे ऐकताना विचित्र वाटते. पण ही कल्पना जुनी आहे. 'लुसिटानिया' हे जहाज १९१५ साली जर्मन पाणबुडीने बुडवले, त्याचे चित्रीकरण कोणाजवळ नव्हते. विन्सर मॅके या अमेरिकी चित्रकाराने तो सगळा प्रसंग हाताने काढला आणि १९१८ साली पडद्यावर दाखवला. जिथे कॅमेरा पोहोचला नाही तिथे पेन्सिलीने जायचे, अशी ती सुरुवात होती.

ज्यू कुटुंबांची अडचण याहून भयंकर होती. त्यांच्या मरणाच्या ठिकाणी कॅमेरा होता, पण तो पुष्कळदा मारणाऱ्याच्या हातात होता. हात वर केलेल्या वॉर्सातल्या त्या लहान मुलाचे छायाचित्र जगभर गेले. ते १९४३ साली ज्यू वस्तीचा नायनाट करणाऱ्या जर्मन अधिकाऱ्याच्या अहवालात लावलेले होते. त्याआधी वर्षभर, मे १९४२ मध्ये, नाझींच्या चित्रपट पथकाने त्याच वस्तीत चित्रीकरण केले आणि त्यातले कितीतरी प्रसंग उपाशी माणसांकडून करवून घेतले. बोहेमियातल्या तेरेझिन या छावणीत १९४४ साली रेडक्रॉसचे पाहुणे येणार म्हणून रंगरंगोटी झाली, आणि पाठोपाठ तिथे एक चित्रपट काढला गेला, ज्यात कैदी आनंदात असल्याचे दिसते. तो करायला लावले होते कुर्ट गेरॉन या कैदी असलेल्या नटालाच. काम संपताच त्याला ऑश्विट्झला पाठवून मारण्यात आले. आता अशा घरातल्या नातवाला आपल्या आजीची गोष्ट सांगायची असेल, तर त्याने कोणते चित्र वापरावे? मारणाऱ्याने घेतलेले?

त्याच तेरेझिनमध्ये फ्रीडल डिकर-ब्रँडाइस नावाची एक चित्रकार मुलांना लपूनछपून चित्रकला शिकवत होती. ऑक्टोबर १९४४ मध्ये ऑश्विट्झला तिचा शेवट झाला. जाण्यापूर्वी तिने मुलांची चित्रे दोन सुटकेसमध्ये भरून ठेवली. सुमारे साडेचार हजार चित्रे वाचली आणि आज ती प्रागच्या ज्यू संग्रहालयात आहेत. त्यांत घरे आहेत, फुलपाखरे आहेत, जेवणाची टेबले आहेत. एकाच छावणीतून दोन साक्षी बाहेर आल्या, एक कॅमेऱ्याची आणि एक मुलांच्या बोटांची. त्यांतली खोटी कोणती, हे आज कोणालाही विचारावे लागत नाही.

याच छावणीतून वाचलेल्या एका मुलीची गोष्ट 'सायलेन्स' या १९९८ सालच्या छोट्या चित्रपटात आहे. ऑर्ली यादीन आणि सिल्वी ब्रिंगास या दोघींनी तो ब्रिटनमध्ये केला. लांबी अवघी अकरा मिनिटे. टाना रॉस ही मुलगी लहानपणी तेरेझिनमध्ये होती. तिच्या आजीने तिला लपवून जगवले. आई गेली. युद्धानंतर ती स्वीडनमध्ये नातेवाइकांकडे आली. तिथे अन्न होते, शाळा होती, स्वच्छ कपडे होते, आणि एक न लिहिलेला नियम होता : मागचे काही बोलायचे नाही. चित्रपटात छावणीचा भाग काळ्या-पांढऱ्या जाड रेघांत आहे आणि स्वीडनचा भाग रंगीत. पाहताना आमच्या लक्षात आले की रंगीत भागातही जीव गुदमरतो. छावणीत गप्प बसली नाही तर जीव जाईल म्हणून मुलगी गप्प होती. स्वीडनमध्ये ती गप्प राहिली ती माणसांना अवघडल्यासारखे वाटू नये म्हणून. दुसरे मौन पहिल्याहून कितीतरी लांबले.

इथे एक शंका आपल्या वाचकांच्या मनात येईल. चित्र काढण्याबद्दल आपल्या परंपरेत संकोच आहे. पण तो संकोच ज्यूंच्याही परंपरेत आहे. मूर्ती आणि प्रतिमा करू नका हा त्यांच्या दहा आज्ञांमधलाच भाग. १३०० सालच्या सुमारास दक्षिण जर्मनीत तयार झालेली हग्गादाची एक सचित्र प्रत प्रसिद्ध आहे. वल्हांडणाच्या रात्री घरात वाचायचे ते पुस्तक. त्यात माणसांच्या धडांवर पक्ष्यांची डोकी काढलेली आहेत. असे का केले, यावर अभ्यासकांत वाद आहेत. माणसाचा चेहरा टाळण्यासाठी, हे त्यांतले एक मत. जवळपास सातशे वर्षांनंतर आर्ट स्पीगलमन या अमेरिकी चित्रकाराने आपल्या वडिलांची ऑश्विट्झची हकीकत 'माऊस' या चित्रकथेत सांगितली तेव्हा ज्यूंना उंदरांची आणि नाझींना मांजरांची तोंडे दिली. त्या पुस्तकाला १९९२ साली पुलित्झर पुरस्कार मिळाला. चेहरा दाखवायचा पण उघडा करायचा नाही, ही सवय या माणसांना नवी नाही. दुःखी माणसाच्या चेहऱ्यावर कॅमेरा रोखण्यात जी बेअदबी असते ती हाताने काढलेल्या चित्रात कमी होते, असे आम्हाला हे चित्रपट पाहून वाटले.

तरीही चित्र खरे कसे मानायचे? या बाबतीत आपल्याकडे एक चांगली मोजपट्टी आहे. हदीस तपासणारे जुने विद्वान मजकुराबरोबर साखळीही तपासत. कोणी कोणाकडून ऐकले, सांगणारा कसा होता, त्याची स्मरणशक्ती उतारवयात ढळली होती काय, हे सारे ते नोंदवत. रिवायत खरी ठरायची तर सांगणाऱ्याला आपण कुठून ऐकले हे लपवता येत नसे. छायाचित्र मात्र आपला सांगणारा लपवते. ते म्हणते, बघा, असेच होते. आणि कॅमेरा कोणाच्या हातात होता हे आपण विसरतो. हाताने काढलेला माहितीपट पहिल्या क्षणापासून सांगतो की हे कोणाच्या तरी आठवणीतून, कोणाच्या तरी हातून आलेले आहे. 'सायलेन्स' करणाऱ्या यादीन यांनीही ॲनिमेशनला माहितीपटाचा एक अत्यंत प्रामाणिक प्रकार म्हटले आहे, ते याच कारणासाठी. अर्थात सांगणारा दिसला म्हणून सांगणे खरे ठरत नाही. पण त्याला जाब विचारता येतो.

आता प्रश्नाच्या गाभ्याकडे येतो. कॅनडात २०१० साली ॲन मेरी फ्लेमिंग यांनी 'आय वॉज अ चाइल्ड ऑफ होलोकॉस्ट सर्व्हायव्हर्स' हा एक लहान ॲनिमेशनपट केला. बर्नीस आयझेनस्टाइन या लेखिकेच्या त्याच नावाच्या पुस्तकावर तो आधारलेला आहे. तिचे आईवडील ऑश्विट्झमधून वाचलेले, आणि ती टोरांटोत वाढलेली. तिने स्वतःबद्दल एक धक्कादायक कबुली दिली आहे. आईवडिलांवर गुजरलेले ते सगळे तिच्यासाठी नशेसारखे झाले होते. पुन्हा पुन्हा वाचायचे, पाहायचे, लोकांना सांगायचे. लोक ऐकून गप्प होत, आणि त्या गप्प होण्यात तिला मोठेपणा वाटे. जे तिने भोगले नव्हते त्याच्या जोरावर तिला एक दर्जा मिळत होता.

एखाद्या ज्यू मुलीने हे स्वतः होऊन सांगावे, याचे आम्हाला फार कौतुक वाटले. मजलूम असण्याची नशा आपल्यालाही परिचयाची आहे. सभांतून, जुम्याच्या तकरिरींतून, मोबाइलवर फिरणाऱ्या चित्रफितींतून आपण ती रोज घेतो. कुठल्या तरी देशातल्या मुसलमानांवरचा जुलूम पाहायचा, हळहळायचे, दुआ करायची, आणि आपल्या मोहल्ल्यातल्या तलाकपीडित बाईच्या खटल्यात मात्र साक्षीला जायचे नाही. दुःख दुसऱ्याचे असते आणि त्यातून मिळणारे पावित्र्य मात्र आपण आपल्या नावावर जमा करतो.

'वॉल्ट्झ विथ बशीर' याहून खोल जातो. फोलमन यांचा जन्म १९६२ चा, हैफाचा. आईवडील पोलंडचे, ऑश्विट्झमधून वाचलेले. १९८२ साली इस्रायलने लेबनॉनवर चढाई केली तेव्हा ते १९ वर्षांचे सैनिक होते. १४ सप्टेंबरला लेबनॉनचे निर्वाचित अध्यक्ष बशीर जमाइल यांची हत्या झाली. १६ ते १८ सप्टेंबर या दिवसांत जमाइल यांच्या फलांजिस्ट टोळ्या बैरूतमधल्या साब्रा आणि शातिला या पॅलेस्टिनी वस्त्यांत शिरल्या आणि त्यांनी कत्तल केली. मृतांचे आकडे सातशेपासून साडेतीन हजारांपर्यंत सांगितले जातात. वस्त्यांना वेढा इस्रायली फौजेचा होता. रात्री आकाशात प्रकाशगोळे सोडून मारेकऱ्यांना उजेड पुरवला तो याच फौजेने.

चित्रपट सुरू होतो तो सव्वीस कुत्र्यांनी. फोलमन यांचा एक जुना सोबती सांगतो की त्याला रोज रात्री स्वप्नात सव्वीस कुत्री दिसतात. गावात शिरण्यापूर्वी भुंकणारी कुत्री मारण्याचे काम त्याला दिले होते, कारण माणसांवर त्याच्याने गोळी चालवली जात नव्हती. वीस वर्षांनंतरही ती कुत्री त्याला मोजून आठवतात. हे ऐकताना फोलमन यांच्या लक्षात येते की आपल्याला तर काहीच आठवत नाही. मग ते एकेका जुन्या सोबत्याकडे जातात, विचारतात, आणि मिळेल ते जोडत राहतात. बहुतेक मुलाखती खऱ्या, बहुतेक आवाज खरे. आधी सगळे व्हिडिओवर घेऊन नंतर सुमारे २,३०० चित्रांवरून हा चित्रपट उभा केला आहे.

शोधाच्या ओघात त्यांचा एक मित्र त्यांना सांगतो की तू या छावणीच्या मागे लागला आहेस ते दुसऱ्या छावण्यांमुळे, तुझ्या आईबापांच्या छावण्यांमुळे. एक पत्रकार सांगतो की साब्रा-शातिलातून हात वर करून निघालेली मुले-बायका पाहिल्या तेव्हा त्याला वॉर्साच्या त्या मुलाचे छायाचित्र आठवले. या दोन वाक्यांपाशी चित्रपट थांबला असता तरी आम्ही त्याला मानले असते. ज्या आठवणीच्या जोरावर माणूस म्हणू शकला असता की आमच्यावर इतके झाले आहे, आम्हाला कोणी शिकवू नका, तीच आठवण इथे त्याच्याविरुद्ध साक्षीला उभी राहते. शेवटी फोलमन यांना कळते की प्रकाशगोळे सोडले जात होते तेव्हा आपण तिथेच होतो. ऑश्विट्झमधून वाचलेल्यांचा मुलगा दुसऱ्यांच्या मरणाच्या रात्री उजेड धरणाऱ्यांत होता. मग चित्रे थांबतात आणि शेवटचा मिनिटभर खरे चित्रीकरण येते. प्रेतांच्या गल्ल्या, आणि आक्रोश करणाऱ्या बायका.

हे एका माणसाचे वेड नव्हते, हेही सांगायला हवे. कत्तलीनंतर २५ सप्टेंबर १९८२ ला तेल अवीवमध्ये प्रचंड मोर्चा निघाला. चार लाख माणसे होती असे म्हटले जाते. त्या दबावाखाली सरकारला न्यायमूर्ती काहान यांचा आयोग नेमावा लागला. फेब्रुवारी १९८३ मध्ये आयोगाने इस्रायलची अप्रत्यक्ष जबाबदारी मान्य केली आणि संरक्षणमंत्री आरियल शेरॉन यांच्यावर व्यक्तिशः ठपका ठेवला. शेरॉन यांचे ते खाते गेले. तेच शेरॉन २००१ साली पंतप्रधान झाले, ही त्याच हकिकतीची दुसरी बाजू.

आणि चित्रपटातली उणीवही आम्ही लपवणार नाही. दीड तासात पॅलेस्टिनी माणूस बोलत नाही. शेवटी बायका ओरडतात, त्यांच्या शब्दांना उपशीर्षके नाहीत. आपण रोज अरबी वाचतो, पण आमच्यापैकी किती जणांना ती समजते? त्या संध्याकाळी आमच्यापर्यंतही फक्त आक्रोश पोहोचला, शब्द पोहोचले नाहीत. गिडिऑन लेव्ही या इस्रायली पत्रकाराने २००९ साली, गाझावर बॉम्ब पडत गेल्यानंतरच्या दिवसांत, या चित्रपटावर कडक टीका केली, ती याच अंगाने होती. मारणाऱ्याच्या बाजूच्या माणसाने स्वतःच्या वेदनेचा सुंदर चित्रपट केला, आणि मेलेल्याची वेदना त्यात पार्श्वभूमी झाली. ही टीका आम्हाला खरी वाटते. कबुली ही तौबेची पहिली पायरी असते. ज्याचा हक्क मारला गेला त्याच्या दारात जाईपर्यंत तौबा पुरी होत नाही, हे आपल्याला लहानपणी मदरशात शिकवलेले असते.

त्या दारातून बोलणारा चित्रपटही आहे. स्टेफानो सावोना या इटालियन दिग्दर्शकाचा 'सामूनी रोड' २०१८ साली आला आणि कान महोत्सवात त्याला सर्वोत्तम माहितीपटाचा पुरस्कार मिळाला. जानेवारी २००९ मध्ये गाझा शहराच्या कडेला राहणाऱ्या सामूनी या शेतकरी कुटुंबातली २९ माणसे मारली गेली. वाचलेल्यांच्या आठवणी सिमोने मासी यांनी काळ्या पृष्ठभागावर ओरखडे काढून उजेडात आणल्या आहेत. मृत माणसे या चित्रांत पुन्हा चालतात, भांडतात, शेतावर जातात. मध्येच पडद्यावर आकाशातल्या यंत्राला दिसणारे दृश्य येते, ज्यात माणसे म्हणजे केवळ हलणारे पांढरे ठिपके. दोन्ही काळे-पांढरेच. पण ओरखड्यांतल्या माणसाला नाव आहे. ज्यू घराला आणि सामूनींच्या घराला एकाच मार्गाने जावे लागले. वरून किंवा समोरून रोखलेल्या परक्या डोळ्यांनी घेतलेले चित्र बाजूला सारून त्यांना आपले माणूस आपल्या हाताने काढावे लागले. दोन इतिहासांची तुलना करून कोणाचे दुःख मोठे हे ठरवण्याची आम्हाला गरज वाटत नाही.

ज्यू म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे एक तर ऑश्विट्झ येते किंवा रणगाडा. तिसरे चित्र आपल्याच भाषेत आहे, ते आपण विसरतो. रायगड जिल्ह्यातले बेने इस्रायल घरी मराठी बोलत, तेलाचा घाणा चालवत, आणि शनिवारी काम बंद ठेवत म्हणून गावात त्यांना शनवार तेली म्हणत. मुंबईत मांडवीला १७९६ साली बांधलेल्या त्यांच्या पहिल्या सिनेगॉगला जुनी माणसे 'जुनी मशीद' म्हणत आली. एलियाहू नबीच्या नावाने त्यांच्याकडे मलिदा होतो. मलिदा म्हणजे काय हे आपल्या घरात समजावून सांगावे लागत नाही. १९४८ नंतर त्यांच्यातले बहुसंख्य इस्रायलला गेले. तिथे त्यांच्या ज्यूपणाबद्दलच शंका घेतली गेली, आणि लग्नाच्या बाबतीत बरोबरीची मान्यता मिळवण्यासाठी १९६४ पर्यंत झगडावे लागले. या सगळ्यात एक गोष्ट त्यांच्या आठवणीत नाही : शेजाऱ्यांनी मारल्याची. कोकणातल्या हिंदू-मुसलमान शेजाऱ्यांनी फार मोठे काही केले अशातला भाग नाही. त्यांनी त्यांना राहू दिले. युरोपातल्या कुटुंबांच्या आठवणी पाहून झाल्यावर या साध्या गोष्टीचे मोल आम्हाला कळले.

आता आपल्या घरात येतो. आम्ही मराठवाड्याचे. सप्टेंबर १९४८ च्या पोलीस ॲक्शननंतर उस्मानाबाद, नांदेड, बीदर, गुलबर्गा या भागांत मुसलमानांवर जे गुजरले ते आमच्या घरातही होते. पंडित सुंदरलाल यांच्या समितीने मृतांचा अंदाज २७,००० ते ४०,००० असा दिला होता. तो अहवाल कितीतरी दशके दडलेला राहिला आणि २०१३ च्या सुमारास लोकांना पाहायला मिळाला. आमच्या दादीने त्या दिवसांबद्दल कधी तोंड उघडले नाही. विहिरीचा विषय निघाला की ती उठून आत जायची. 'सायलेन्स'मधली मुलगी पाहताना आम्हाला दादी आठवली, हे कबूल करायला संकोच वाटत नाही. आमच्या विहिरीचेही छायाचित्र नाही. कोणीतरी ती काढायला हवी होती.

पण दादीचे मौन एवढ्यापुरते नव्हते. पोलीस ॲक्शनच्या आधीचे महिने होते. रझाकारांनी गावे लुटली, माणसे मारली, बायकांची अब्रू घेतली. ते रझाकार काही आभाळातून पडलेले नव्हते. कोणाचे तरी चुलते होते, मामा होते. सगळे मुसलमान त्यांच्यासोबत नव्हते, हेही खरे. हैदराबादच्या 'इमरोज'चे संपादक शोएबुल्ला खान रझाकारांविरुद्ध लिहीत, म्हणून ऑगस्ट १९४८ मध्ये त्यांचा खून झाला. पण आपल्या घरांत आठवण सांगितली जाते ती १३ सप्टेंबरपासून. त्याच्या आदल्या दिवसापर्यंत जणू काही घडलेच नाही. आम्ही एकदा एका वडीलधाऱ्यांना विचारले होते, "दादा, आपल्यातलं कोणी होतं का हो त्यांच्यात?" ते बराच वेळ पान लावत बसले. मग म्हणाले, "तेवढं राहू दे, बेटा." आम्ही राहू दिले. ते गेल्याला आता पंधरा वर्षे झाली, आणि तो प्रश्न त्यांच्याबरोबर मातीत गेला.

फोलमन यांच्यापेक्षा आम्ही कुठे कमी पडलो ते इथे. त्यांनीही प्रश्न वीस वर्षे राहू दिला होता, पण नंतर ते उठले आणि दारोदार गेले. न्यायाची साक्ष स्वतःच्या, आईबापांच्या, नातलगांच्या विरुद्ध जात असली तरी द्यावी, ही सूरह निसाची ताकीद आहे. एखाद्या कौमेशी वैर आहे म्हणून न्यायापासून ढळू नये, ही सूरह माइदाची. पहिली ताकीद आपल्या घरासाठी आहे आणि दुसरी परक्याच्या घरासाठी. दोन्ही एकत्र पाळल्या तर त्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर मिळते. परक्याचे दुःख आपण ऐकायचे, आणि आपले दुःख सांगताना ते पुरते सांगायचे, आपल्या हातून किंवा आपल्यादेखत जे झाले त्यासकट.

यावर कोणी म्हणेल, आजच्या दिवसांत रझाकारांची आठवण आपणच काढली तर ती आपल्याविरुद्ध वापरणारे टपून बसले आहेत. भीती खोटी नाही. फोलमन यांनाही त्यांच्या देशात हेच ऐकावे लागले असेल. पण आपण सांगितले नाही म्हणून ते वापरायचे थांबलेले नाहीत. उलट आपली अर्धी हकीकत ऐकून समोरचा आपल्या खऱ्या दुःखावरही विश्वास ठेवत नाही. अर्ध्या साक्षीचे असेच होते. ज्यूंच्या दुःखाची ढाल झाली म्हणून आज आपण ते ऐकायला तयार नसतो, त्याचेही कारण हेच आहे.

त्या मुलाला आम्ही त्या संध्याकाळी एवढे सगळे सांगू शकलो नाही. तो चिडलेला होता आणि त्याचे चिडणे योग्य होते. आम्ही त्याला इतकेच विचारले, "तुझी नानी आहे ना अजून? परळीला?" तो म्हणाला, आहे, नव्वदीच्या आसपास असेल, ऐकू कमी येतं. आम्ही म्हटले, जाऊन बस तिच्याजवळ, आणि दोन्ही विचार. आपल्यावर काय झालं ते विचार, आणि आपण काय पाहिलं तेही विचार. रेकॉर्डिंग करू नकोस, ती घाबरेल. ऐकून घे आणि घरी येऊन लिही, नाहीतर काढ.

गेल्या महिन्यात तो आला तेव्हा त्याच्या वहीत शाईच्या पेनाने काढलेली पाच-सहा चित्रे होती. चित्रकला त्याला फारशी येत नाही. एक वाडा, त्याच्या मागे कडुनिंब, आणि कडुनिंबाखाली एक बैलगाडी. गाडीत चार माणसे बसलेली, अंगावर गोधड्या. आम्ही विचारले, ही कोण? तो म्हणाला, "नानीचे शेजारी. गाव सोडून जात होते. ॲक्शनच्या आधी." आम्ही विचारले, कोणाच्या भीतीने? त्याने वही मिटली आणि म्हणाला, "पुढच्या वेळी सांगतो, चाचा. नानीला अजून विचारायचंय."